पेटीत वॉचमन कुठाय?

रणपिसेबाई भाजी घ्यायला आल्या की घाटकोपर स्टेशनबाहेरचे भाजीवाले एकमेकांना डोळ्यांनी खुणावायचे. बाई भेंडी तोलून घ्यायच्या, आणि भाजीवाल्याने वर कोथिंबिरीच्या चार काड्या ठेवल्या की म्हणायच्या, "कोथिंबीर नको. तिचे किती कमी करतोस?"

"बाई, कोथिंबीर फ्री आहे ना!"

"फ्री असती तर तू पहाटे मार्केटात जाऊन विकत कशाला आणली असतीस? ती तू भेंडीच्या डोक्यावर टाकलीयस. कमी कर."

कमी कुणी करायचं नाही. बाई कोथिंबीर पिशवीत टाकून हसत पुढे जायच्या. भांडण त्यांना नकोच असायचं. खर्च कुणाच्या डोक्यावर बसलाय एवढं कळलं की त्यांचा जीव शांत व्हायचा.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघी अंधेरीला, मरोळच्या एका कारखान्यात होतो. तिथे शाळेच्या कंपासपेट्या आणि स्टेपलर बनायचे. कुठल्या वस्तूला किती खर्च येतो हे काढणं बाईंचं काम, आणि मी त्यांच्या हाताखालची एकुलती एक क्लार्क. कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. नगरकडच्या खेड्यातून आलेल्या, घरातल्या पहिल्या मॅट्रिक, आणि नोकरी करता करता कॉस्टिंगची परीक्षा दिलेल्या. साहेब लोकसुद्धा त्यांच्याशी बोलताना आधी मनातल्या मनात बेरीज करून घेत.

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच. "बंद केलं तर वाचेल काय?" काटकसर म्हणून मॅनेजरने चारचा चहा बंद करायचं काढलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "कॅन्टीनवाल्याचा पगार तोच राहणार. दूध-साखर वाचेल, आणि माणसं चहाला गेटबाहेर जाऊन अर्धा तास घालवतील. मांडू हिशोब?" चहा चालू राहिला. मला एका स्थळाने नकार दिला आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडत बसले, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. "गेला ना तो? मग वाचलं काय ते बघ. त्याच्या आईचे टोमणे वाचले, तुझी नोकरी वाचली. ऊठ, मार्चचा तक्ता काढ." मला राग आला होता, पण हसूही आलं.

तो मार्चचा तक्ता मी फार मन लावून केला, आणि त्यानेच माझी वाट लावली.

कारखान्याचं भाडं, वीज, दुरुस्ती, वॉचमन, कॅन्टीन, शेठची गाडी हा सगळा सामायिक खर्च आमच्याकडे पहिल्यापासून कामगारांच्या तासांवर वाटला जायचा. ज्या खात्यात माणसांचे तास जास्त, त्याच्या वाट्याला खर्च जास्त. मी इमानेइतबारे तसाच वाटला. नऊ रुपयांना विकली जाणारी कंपासपेटी माझ्या तक्त्यात दहा रुपयांना पडत होती, आणि स्टेपलर बसल्या जागी नफा कमवत होता. बाई चार दिवस रजेवर होत्या. मी शाबासकीच्या आशेने तक्ता थेट शेठकडे पाठवला. शेठने तो वाचला आणि पेटीखातं बंद करायचं ठरवलं.

पेटीखात्यात बावीस बायका होत्या. कर्कटक, गुण्या, कोनमापक पेटीत बसवून झाकण लावायचं त्यांचं काम. त्यातली एक माझी वहिनी. दादाची गिरणी बंद पडलेली, भांडुपचं आमचं घर आम्हा दोघींच्या पगारावर चालत होतं. बातमी कळली तशी वहिनीने मला जिन्यातच गाठलं.

"गो सुलू, सकाळपासून मान वर करूक गावना नाय, नि तुज्या कागदात आमी तोट्यात?"

रात्री आम्ही दोघी एकाच ताटलीतून न बोलता जेवलो.

बाई परत आल्या तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, वहिनीचंही. बाईंनी चष्मा पुसला. "वहिनीला बाजूला ठेव. आकडा खरा असेल तर पेटी बंद होईल, आणि शेठला तसं मीच सांगेन." मग त्या आठवडाभर घड्याळ लावून कारखान्यात फिरल्या. वीज कोण खातंय, मशीन कोण अडवतंय, दुरुस्ती कुणाची निघतेय, सगळं लिहीत होत्या. मला एक अक्षर सांगत नव्हत्या.

शनिवारी त्या मला घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेल्या. टेबलावर एक कंपासपेटी ठेवली.

"रणपिसेबेन, ये पेटी हमको खा रही है," शेठ म्हणाले.

"बघू या ना, काय खातेय." बाईंनी पेटी उघडली. एकेक वस्तू काढून टेबलावर मांडत गेल्या. "हे कर्कटक. हा गुण्या. हा पत्रा. ही बायकांची मजुरी. सगळे मिळून सात रुपये." मग पेटी उलटी करून टेबलावर आपटली. "वॉचमन कुठाय?"

"क्या?"

"तक्ता म्हणतो पेटीत वॉचमन आहे. तुमची गाडी आहे. मला तर कुठल्या कप्प्यात दिसत नाही."

मग त्यांनी कागदाचे कपटे काढले. भाडं, वीज, दुरुस्ती, वॉचमन, कॅन्टीन, गाडी, असं एकेकावर लिहिलेलं. ते पेटीवर ठेवले. "हे तीन रुपये. आता करा पेटी बंद." असं म्हणून त्यांनी कपट्यांखालून पेटी अलगद ओढून घेतली आणि माझ्या हातात दिली.

पेटी गेली. कपटे टेबलावर तसेच पडले होते.

"सात रुपये वाचले," बाई म्हणाल्या. "पण येणारे नऊ गेले. आणि वॉचमन उद्यापण पगार मागायला येणार. आता याला कुणाच्या डोक्यावर बसवू?" त्यांनी शेठच्या टेबलावरचा स्टेपलर उचलला आणि सगळे कपटे त्याच्यावर ठेवले. मग त्यांतले वीज आणि दुरुस्तीचे दोन वर काढून ठेवले. "हे तर मुळातच याचे होते. मशीनं सगळी हाच अडवतो."

शेठने दुरुस्तीचा कपटा उचलून वाचला. मग म्हणाले, "बेन, पेटी इधर रखो." मी ती परत टेबलावर ठेवली.

बाहेर आल्यावर मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. "आकडा पेटीच्या बाजूने होता म्हणून. नसता तर?" बाई जिना उतरायला लागल्या. "पुढच्या वेळी वाटण्याआधी विचारायचं, कुणामुळे झाला हा खर्च. त्या तक्त्यात माणसं असतात गं."

बाई रिटायर झाल्या त्या दिवशी पेटीखात्याने त्यांना एक कंपासपेटी दिली. उघडली तर आत कर्कटक-कोनमापकाच्या भोवती घडी घातलेल्या बावीस चिठ्ठ्या. प्रत्येकीवर एकेकीचं नाव, काही नावं शाळेत जाणाऱ्या मुलांकडून लिहून घेतलेली. बाईंनी एकेक चिठ्ठी उघडून वाचली, परत घडी घालून आत ठेवली. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "एक कमी आहे. सुलूची कुठाय?"

"माझी कशाला, बाई? माझ्यामुळेच तर..."

"म्हणूनच. लिही."

त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढून दिली. मी नाव लिहिलं. चिठ्ठी आत ठेवली तर झाकण लागेना. बाईंनी पेटीतलं कर्कटक उचलून माझ्या हातात दिलं आणि झाकण दाबून बंद केलं.

पुढे त्यांच्या खुर्चीवर मी बसले. ते कर्कटक अजून माझ्याकडे आहे, कारण पेटीत त्याची जागा मी घेतली होती.