कपाटं रिकामी करणाऱ्या बाई

कोल्हापुरात सगळ्यात जास्त दंगा कुस्तीच्या मैदानात होतो असं म्हणणाऱ्यांनी नव्वदच्या दशकातलं आमच्या शाळेचं ग्रंथालय पाहिलेलं नाही. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो आणि भिंतीपलीकडून आमच्या ग्रंथपालबाईंचा आवाज यायचा, "आरं, शेवट पटला न्हाय तर भांड की! गप का बसलायस?" ग्रंथपाल म्हणजे किल्ल्या सांभाळायच्या आणि ओठांवर बोट ठेवायचं, अशी आम्हा सगळ्यांची ठाम समजूत. बाईंनी ती पार धुळीला मिळवली.

त्यांच्या पायाला भिंगरीच होती. मधल्या सुट्टीत पिशवीत पुस्तकं कोंबून त्या थेट मैदानावर जायच्या आणि फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना गोलच्या मागे गाठायच्या. गोलकीपर वाचत उभा राहिल्यामुळे आमच्या शाळेवर गोल झालेले मी स्वतः पाहिलेत! एखादा मास्तर रजेवर असला की वर्ग गप्प ठेवायला हेडसर बाईंना पाठवत. थोड्याच वेळात तो वर्ग, गोष्टीतल्या पोरानं घर सोडलं ते बरोबर की चूक, यावरून हमरीतुमरीवर आलेला असे. इकडे माझं प्रमेय अर्ध्यावर लटकायचं, आणि खरं सांगायचं तर माझेही कान तिकडंच असायचे.

पण त्यांचा खरा जगावेगळेपणा एप्रिलमध्ये दिसायचा. सुट्टीआधी पुस्तकं गोळा करून मोजायची आणि कुलूप घालायचं, ही सगळ्या शाळांची रीत. बाई नेमकी तेव्हाच कपाटं रिकामी करायच्या. पुस्तकं पोरांबरोबर कोडोलीला जायची, आजऱ्याला मामाच्या घरी जायची. "सुट्टीत न्हाय वाचायचं तर काय परीक्षेत वाचायचं?" असा त्यांचा सवाल.

एका एप्रिलात अचानक तपासणीला साहेब आले. हेडसरांनी मोठ्या ऐटीत कपाट उघडलं. आत एक शब्दकोश आणि एक पाल.

"बाई, पुस्तकं कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"कामाला गेल्यात," बाई म्हणाल्या. "साहेब, कपाट भरलेलं दिसलं असतं, तर मला घरी घालवायला पायजे हुतं."

मला टाळी वाजवावीशी वाटली. हेडसरांना घाम फुटला. साहेबांनी 'बेजबाबदार' असा शेरा मारला. बाईंची नोकरी कशीबशी वाचली, पण ग्रंथालय गेलं. त्यांना ऑफिसात दाखले द्यायला बसवलं. जूनमध्ये पोरांनी झाडून सगळी पुस्तकं परत आणली. ती कपाटात गेली, कुलूप लागलं, आणि पुढच्या तपासणीत आमचं ग्रंथालय उत्तम ठरलं.

भिंतीपलीकडं सगळं चिडीचूप झालं. माझी प्रमेयं वेळेत संपू लागली, आणि मला वर्गात करमेना. काहीतरी निमित्त काढून मी ऑफिसात चक्कर मारायचो. दाखल्याला आलेल्या पोराला बाई खिडकीतून हळूच विचारायच्या, "सध्या काय वाचतोयस रं?" पोरगं बावचळून बघत राही. मागची रांग खोळंबे, हेडसर खाकरत. मग बाई दाखल्यावर शिक्का मारायच्या आणि म्हणायच्या, "बरं, जा."

ते 'जा' मला ऐकवत नसे.