पुसलेला फोटो
सकाळपासून धुकं दाटलं होतं. फोटोवाल्याने दुकान उघडून काउंटर पुसला आणि संगणकाच्या काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून गेल्या वर्षीचे फोटो उडवले. माउसने फोल्डर उघडत बसणं त्याला पोरखेळ वाटायचं.

तेवढ्यात शेजारची काकू आली.

"काल काका गेले रे. गेल्या वर्षी तू काढलेला फोटो मोठा करून दे. दुसरा नाही घरात; कॅमेरा दिसला की पळायचे."

कमांड देऊनच त्याने कचरापेटीची विंडो उघडली. रिकामी. माउसने उडवलेलं निदान तिथे पडतं. कमांडने उडवलेलं कायमचं जातं.

"दिसले का रे?"

"नाही काकू. आत्ताच माझ्या हातनं पुसला गेला."

"काल एकदा गेले, आज पुन्हा," म्हणत काकू पायऱ्या उतरली.

त्याने फडकं उचललं आणि पुसलेलाच काउंटर पुन्हा पुसायला घेतला.