शेजारच्या भिंतीवरची काच

मंडळी, हे मेट्रोतून घाईत लिहिलंय, टायपिंगच्या चुका माफ करा.

मी सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. हे वर्ष कॉलेजऐवजी नोएडातल्या एका साइटवर ट्रेनी म्हणून काढायचंय. तिथे बेसमेंटसाठी खोल खोदकाम चाललंय. अगदी लागून एका आंटींचं जुनं घर आहे आणि त्यांच्या भिंतीला आतून तडा गेलाय. त्या तड्यावर आम्ही आडवी, पातळ काचेची पट्टी चिकटवलीय. तडा रुंदावला की काच फुटते. ती रोज बघायचं काम माझं.

आज सकाळी काच फुटलेली होती.

साइटवरचे सर म्हणाले, "अरे यार, बच्चों ने बॉल मारी होगी. नई लगा दो."

आंटी एकट्या राहतात. कसली मुलं? तरी मी नवीन लावली. माझे मार्क सरांच्याच हातात आहेत.

आंटींनी चहा दिला. "बेटा, सब ठीक है ना?"

"बिल्कुल, आंटी."

संध्याकाळी निघताना बघितलं, तर नवी काचही फुटलेली. सर फोन उचलेनात. मी घाबरून गुपचूप दिल्लीतल्या आर. के. पुरमला, माझ्या खोलीकडे जाणारी मेट्रो पकडली.

फोनवर आईला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "त्या बाई झोपतात कुठे?"

त्यांची खाट त्याच भिंतीला लागून आहे.

मी मध्येच उतरून उलटी गाडी पकडलीय. सरांनी माझा मेसेज वाचलाय, उत्तर नाही. सांगा ना कुणीतरी, आंटींनी दार उघडलं की पहिलं वाक्य काय बोलू?