चालू इंजिनाचा पाहुणचार

आमच्या अण्णांच्या जुन्या, छोट्या गाडीत मूळचं इंजिन नाही. हौसेनं त्यांनी तिच्यात दांडगं इंजिन बसवून घेतलं आणि बॉनेटखाली बोट घालायला जागा उरली नाही. गाडी पळते झकास. पण मे महिन्यात एकदा बंद केली की आत कोंडलेल्या धगीनं कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं, आणि ऊन उतरेपर्यंत ती परत सुरू होत नाही. म्हणून केम गावी आत्याकडे गेलं की अण्णा इंजिन चालू ठेवून दारात गाडीतच बसायचे आणि आत्या खिडकीतून चहा द्यायची. आमच्या घरी याला 'आक्काला भेटून आलो' म्हणतात.

यंदा आत्याचे गुडघे गेले. उंबऱ्यापर्यंतही येणं होईना. फोनवर म्हणाली, "आता तूच आत ये की. का गाडीच तुजी भन हाय?"

अण्णांना ते लागलं. मी म्हटलं, एसटीनं जाऊ. त्यावर ते माझ्याकडे पाठ करून जेवले.

मग आम्ही अक्कलकोट रोडच्या मिस्त्रीकडे गेलो. प्रश्न एकच होता, कार्ब्युरेटर ठेवायचा की पेट्रोल फवारणारं इंजेक्शन बसवायचं? व्हिडिओ बघून मी तज्ज्ञ झालेलोच होतो. इंजेक्शनच्या बाजूनं बोलता बोलता मी मिस्त्रीनं काढून ठेवलेला कार्ब्युरेटर उचलला आणि त्यातलं पेट्रोल माझ्या इस्त्रीच्या पँटवर सांडलं.

"ओत अजून," अण्णा म्हणाले. "काडी मी देतो."

मग त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. "यात ना वीज, ना पंप. नळी इथं आवळलीय बघ. तिथून वारा जोरात जातो आणि जाता जाता पेट्रोल ओढून नेतो. पायानं तू फक्त वाऱ्याची वाट उघडतोस."

एवढी वर्षं मला वाटत होतं, पाय दाबला की पेट्रोल ओतलं जातं. ज्या वाऱ्यावर आपण गावभर फिरलो, त्याची आपल्याला ओळखही नव्हती!

"हौ, वारा बराबर है अण्णा," मिस्त्री म्हणाला, "पर मई में क्या करते? अब ये देखो." त्यानं काचेच्या नळ्यांवर इंजेक्टर लावले आणि बटण दाबलं. टिकटिक सुरू झाली. प्रत्येक नळीत धुकं उतरलं. थेंब कुठं दिसेना, धार कुठं दिसेना. उसाच्या फडावर पहाटे असतं तसं ते तरंगत होतं. रोज तेच बघणारा मिस्त्रीसुद्धा वाकून बघत होता. अण्णांनी चष्मा पुसून परत लावला.

"हे उकळणार नाही?"

"दाब में रहता. कुकर के जैसा. पाणी भी दाब में जल्दी उबलता नै."

"आणि रस्त्यात बंद पडली तर मी काय उघडायचं?"

"कुछ नै खोलना. मेरे कू फोन करना."

अण्णांचा चेहरा उतरला. आयुष्यभर ज्यांनी रस्त्याकडेला बसून स्वतः कार्ब्युरेटरची बारीक भोकं फुंकून साफ केली, त्यांना आता नुसतं उभं राहायचं होतं. कार्ब्युरेटर बराच वेळ तळहातावर धरून ते म्हणाले, "बसव. आक्का काय बाहेर यायची नाही."

भर दुपारी आम्ही केमला पोचलो. अण्णांनी चावी फिरवली आणि इंजिन थांबलं. एवढी शांतता त्या दारात मी कधी ऐकली नव्हती. ते आत जाऊन आत्याच्या खाटेवर टेकले.

"बंद क्येलीस व्हय?" आत्यानं विचारलं. त्यांनी मान हलवली. मग दोघं दाराबाहेरच्या गाडीकडे बघत बसली. एकमेकांना सांगण्यासारखं सगळं खिडकीतूनच सांगून झालं होतं बहुतेक.

आत्याच्या सुनेनं चहा आणायच्या आत अण्णा चुळबुळत उठले आणि बाहेर गेले. पहिल्याच फटक्याला इंजिन सुरू झाल्याचा आवाज आत आला. इकडे आत्याचा चेहरा पडला. "निगाला बी? च्या तरी..."

आवाज थांबला. अण्णा दारात आले, पोरासारखे हसत. "लागली आक्का! तापलेली असताना लागली!"

"मग बस की आता मुकाट."

अण्णांनी वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या आणि पायमोजेसुद्धा काढले.