रिव्हर्स सोडून सगळं येत होतं

माझी फजिती ऐकायचीच म्हणता, तर आधी चहा समोर ओढून घ्या. मधेच उठलात तर मी पुन्हा पहिल्यापासून सांगत न्हाई. आणि हसायचं असेल तर खुशाल हसा. आमच्या घरात या गोष्टीवर इतकं हसून झालंय, की ती दुसऱ्याच कुणाची असावी असं मला आता वाटायला लागलंय.

मी तेव्हा मंठ्याला हायस्कूलात विज्ञान शिकवत होतो. बायको सुनंदा, तीही शिक्षिका, प्राथमिकला. घरात दोन पगार, म्हणून हिंमत केली आणि जालन्याला जाऊन नव्या छोट्या कारसाठी नंबर लावला. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. तेव्हा गाडी म्हणजे सकाळी गेलं आणि संध्याकाळी घेऊन आलं, असं नव्हतं. नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं.

आम्ही सव्वा वर्ष वाट पाहिली. गाडीचं एक रंगीत पत्रक मिळालं होतं. ते मी इतक्यांदा उघडून पाहिलं, की घडीवर फाटलं. सुनंदानं मागून चिकटपट्टी लावली, तर मी पुन्हा बघायला मोकळा. मग दोरी घेऊन अंगण मोजलं. गाडी बसत होती, पण पाण्याची टाकी आडवी येत होती. टाकी हलवली. टाकी हलली म्हणून नळ हलवावा लागला, आणि नळ हलवला म्हणून शेजारी भांडायला आले. गाडी अजून कारखान्यातच होती आणि तिच्यावरून आमचं एक भांडण होऊन गेल्तं.

माझा धाकटा भाऊ दिलीप आमच्याकडंच राहायचा. परतूरला बँकेत नोकरी, स्वभावानं गरीब, दिसायला बरा. पण लग्नाचं काही जमेना. नऊ मुली पाहून झाल्या होत्या. दर वेळी घरी येऊन म्हणायचा, "विचार करून सांगतो," आणि तो विचार काही संपायचा न्हाई. गावाकडं आमची आई काळजीनं अर्धी झाली होती.

आता गाडी येणार म्हणजे चालवता यायला पाहिजे. माझे मित्र रऊफभाई, त्यांची एक जुनी जीप सवाऱ्या न्यायची. त्यांनी मला सुट्टीच्या दिवशी शिकवायला सुरुवात केली. क्लच, ब्रेक, गिअर, वळण, चढ, उतार, सगळं मन लावून शिकवलं. फक्त त्या जीपचा रिव्हर्स गिअर कधीचाच गेल्ता. मागं घ्यायची वेळ आली की सवाऱ्याच खाली उतरून ढकलायच्या.

मी एकदा विचारलं, "रऊफभाई, मागं कसं घ्यायचं?"

ते म्हणाले, "सर, पीछे जाके करना क्या है? सवारी आगेच जाती."

मला ते पटलं. आपल्याला पटायला वेळ लागत न्हाई. लायसन्सच्या परीक्षेत मैदानावर आठचा आकडा काढायला लावला. आठ कसा काढतात? पुढं जात जातच काढतात. मी सुरेख आठ काढला आणि पास झालो.

अखेर पत्र आलं, गाडी न्यायला या. आम्ही तिघं जालन्याला गेलो. पांढरीशुभ्र गाडी, आतमध्ये नव्या रेक्झिनचा वास. सुनंदानं हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. तिथल्या माणसानं गाडी बाहेर काढून मंठ्याकडं तोंड करून रस्त्यावर लावून दिली. त्याचे उपकार मी अजून विसरलो न्हाई.

जालना ते मंठा मी कुठंच थांबलो न्हाई. सुनंदाला वाटलं, आनंदाच्या भरात यांना चहासुद्धा आठवेना. खरं कारण असं, की हॉटेलसमोर गाडी तोंड घालून लावली तर ती तिथून काढायची कशी, हे मला माहीत नव्हतं.

घरी आलो. अंगण सव्वा वर्षापासून वाट बघून राह्यलं होतं. सुनंदा म्हणाली, "लावा आत."

"राहू दे बाहेरच," मी म्हणालो. "इंजिन नवीन आहे. जरा हवा लागू दे."

विज्ञानाचा शिक्षक म्हटल्यावर लोक ऐकून घेतात हो.

पुढचे पंधरा दिवस काय सांगू. शाळा घरापासून पायी पाच मिनिटं. गाडीनं पंचवीस. कारण एकदा निघालं की परत तोंड फिरवायला साऱ्या मंठ्याला वळसा घालावा लागायचा. बाजारपेठ, बस स्टँड, तहसील, मग मागच्या वस्तीतून घरी. लोकांना वाटलं, सर मोठ्या मनाचे आहेत, नवी गाडी घेतली तर रोज सगळ्या गावाला दाखवतात. एका म्हाताऱ्या बाईनं तर गाडी तिच्याही गल्लीत आणली म्हणून माझ्या हातावर गूळ ठेवला. मी तो खाल्ला. खरं सांगायची ती वेळ होती, पण तोंडात गूळ होता.

मंग आलं आष्टीचं निमंत्रण. सुनंदाची आत्या आष्टीला. तिनं निरोप धाडला, गाडी घेऊन जेवायला या. गाडीजवळ फोटो काढायचा म्हणून सुनंदानं दिलीपला नवा शर्ट घालायला लावला. आत्याला द्यायला पेढे घेतले. गाडीला ताजा हार घातला. आता हे सगळं डोळ्यांसमोर आणा. हार घातलेली गाडी, पेढ्याचा खोका, नवा शर्ट घातलेला उपवर भाऊ. माझ्या डोक्यात तेव्हा काहीच आलं न्हाई.

आष्टीत शिरलो तर बाजाराचा दिवस. रस्त्यावर बैलगाड्या, मिरच्यांचे ढीग, पुढं जायला जागा न्हाई. एक जण म्हणाला, "सर, डाव्या गल्लीतून घ्या, तिकडून निघते." गल्ली निघायची, पण माणसांना. गाडीला न्हाई. जसजसा आत गेलो तशी ती अरुंद होत गेली आणि शेवटी एका घराच्या दारात जाऊन संपली. दाराला लागून गोठा, बाजूला एक ट्रॅक्टर. दोन्ही अंगाला भिंती. मी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राह्यलो.

"घ्या ना मागं," सुनंदा म्हणाली.

तेवढ्यात दारातून एक फेटेवाले गृहस्थ लगबगीनं बाहेर आले. पायानं जरा लंगडत होते. हात जोडून म्हणाले, "या, या. मी बापूराव. घर बराबर सापडलं ना? लोक ही गल्ली चुकतेत."

तिथं खरं बोललो असतो, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण हा माणूस हात जोडून उभा, आणि त्याला मी सांगू, की मला माझीच गाडी मागं घेता येत न्हाई?

"न्हाई, न्हाई," मी म्हणालो. "चुकतोय कशाला. आमी इकडंच आल्तो."

झालं. पाय धुवायला पाणी आलं. सतरंजी अंथरली होतीच. सुनंदा माझ्या कानाशी म्हणाली, "आत्या जेवायला वाट बघून राह्यली असंल."

"पाणी पिऊ, तवर काहीतरी सुचंल."

सुचलं काहीच न्हाई. पाण्यामागून पोहे आले. आतल्या दारातून चार बायका आळीपाळीनं दिलीपकडं डोकावून गेल्या. बापूरावांनी आमचं मामेकुळ विचारलं. मी सांगितलं. त्यांनी समाधानानं मान डोलवली. दिलीपची नोकरी विचारली. तीही सांगितली. पुन्हा मान डोलवली. मला वाटलं, काय प्रेमळ माणसं आहेत.

सुनंदाचा चेहरा मात्र उतरला होता. "अहो," ती पुटपुटली, "हे मुलगी दाखवून राह्यलेत."

"कुणाला?"

"आपल्याला."

"मंग सांग ना त्यांना."

"तुमी सांगा. इकडंच आल्तो, असं तुमी म्हनलात."

आणि मी तोंड उघडणार, तर चहाचा ट्रे घेऊन मुलगी आली. उंच, सावळी, शांत. नाव रेखा. तिनं सगळ्यांना चहा दिला आणि खाली न बघता सरळ समोर बघत बसली. दिलीपनं कप तोंडाला लावला आणि तसाच धरून राह्यला.

"विचारा काही," बापूराव मला म्हणाले. मी वडीलधारा ना.

आता काय विचारू? माझ्या डोक्यात तेव्हा एकच विषय होता. मी विचारलं, "गाडी चालवता येती का?"

मुलीला असा प्रश्न आष्टीत तोवर कुणी विचारला नसावा. पण बापूरावांचा चेहरा उजळला.

"ट्रॅक्टर चालवती. माझा गुडघा गेला तवापासून सारं रान तीच बघती. ट्रॉली लावून रिव्हर्स घेती."

मी सतरंजीवर पुढं सरकलो. "ट्रॉली लावून? रिव्हर्स?"

"हो."

"किती लांब घेता?" मी रेखाला विचारलं.

ती पहिल्यांदाच बोलली. "जितकं लागंल तितकं."

इतक्यात गल्लीत हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मंग वाजतच राहिला. आमच्या गाडीच्या मागं एक जीप येऊन अडकली होती. त्यातून सहा जण उतरले आणि पुढचे गृहस्थ आत येत म्हणाले, "बापूराव, आमी सेलूचे पाव्हणे. मुलगी बघायला आलो. दारात ही गाडी कुणाची?"

बापूरावांनी त्यांच्याकडं पाहिलं, मंग माझ्याकडं. "मंग तुमी कोण?"

घरातली, शेजारची, जीपमधली, मिळून वीसएक माणसं माझं उत्तर ऐकायला थांबली होती. मी उभा राहिलो. वर्गात उत्तर न आलेला पोरगा उभा राहतो, तसा.

"मी मंठ्याचा शिक्षक," मी म्हणालो. "गल्ली चुकलो. मला रिव्हर्स येत न्हाई."

सुनंदानं पदरात तोंड लपवलं. हसू लपवत होती का रडू, ते तिनं मला अजून सांगितलेलं न्हाई.

बापूराव रागावले न्हाईत. रागवायला तरी काहीतरी समजावं लागतं. रेखा उठली, माझ्यापुढं हात केला आणि म्हणाली, "चावी द्या."

आधी जीप मागं गेली. मंग रेखा आमच्या गाडीत बसली. क्षणभर गिअरच्या दांड्यावरचे आकडे पाहिले, दांडा टाकला, मान वळवली आणि दोन्ही भिंतींना बोटभर अंतर ठेवून गाडी सरळ मागं न्यायला लागली. दिलीप धावत मागं गेला आणि हात हलवत म्हणायला लागला, "येऊ द्या, येऊ द्या."

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "तुमच्यामुळं मला दिसंना."

तो भिंतीला चिकटून उभा राहिला. आयुष्यात इतका आज्ञाधारक मी त्याला पाहिला नव्हता.

पण सेलूच्या पाहुण्यांचं तोंड वाकडं झालं होतं. त्यांतले मोठे म्हणाले, "बापूराव, पोरीनं चारचौघांत गाडी चालवायची, हे आमच्यात चालत न्हाई." पोहेसुद्धा न खाता ते निघून गेले. बापूराव दारात उभे राहून जीप गेली त्या दिशेला बघत राहिले. मी त्यांचा हात धरला. माझ्या एका खोट्यानं एका मुलीची सोयरिक मोडली होती. आतापर्यंत सगळं हसण्यावारी होतं, ते इथं थांबलं.

आत्याकडं जेवण करून परत निघालो. परतूर मागं पडलं आणि दिलीप म्हणाला, "दादा, परत जायाचं का?"

"कशाला?"

"रुमाल राह्यला तिथं."

सुनंदा मागं न बघता म्हणाली, "रुमाल तुमच्या खिशातून लोंबून राह्यलाय, भाऊजी."

मंग तो म्हणाला, "वहिनी, माझा विचार झालाय."

मी गाडी थांबवली. दहाव्या मुलीला पाच ताससुद्धा लागले नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आधी रीतसर निरोप पाठवला, आणि गाडी मोठ्या रस्त्यावर लावून गल्लीतून चालत गेलो. रेखानं दिलीपला एकच विचारलं, "तुमाला तरी येती का गाडी?"

"न्हाई," तो म्हणाला. "तुमी शिकवली तर शिकीन."

ती हसली. आई तर महिनाभरात पुन्हा पहिल्यासारखी धडधाकट झाली.

लग्न उन्हाळ्यात झालं. त्याआधीच रेखानं शाळेच्या मैदानावर मला एका दुपारी रिव्हर्स शिकवला. इतकं सोपं होतं, की मला स्वतःचीच लाज वाटली. लग्नाच्या पंगतीत मी बापूरावांच्या शेजारी बसलो होतो. पोट भरलं होतं, मन भरलं होतं. माणसाला अशा वेळी स्वतःचं कौतुक ऐकावंसं वाटतं. माझा खरेपणा, माझं शिक्षण, चारचौघांत चूक कबूल करायचं माझं धाडस, यातलं काहीतरी ते बोलतील म्हणून मी हळूच विचारलं, "बापूराव, मी एवढा घोळ घातला, तरी तुमी पोरगी दिली. आमच्यात काय पाह्यलं?"

बापूरावांनी घास संपवला, पाणी प्याले.

"खरं सांगू का, सर? माझं मन होत न्हवतं. पण पोरगीच म्हनली, आबा, माणसं लई चांगली हाईत, फक्त त्यांच्या घरात कुणालाच काही येत न्हाई. मी गेलेलं बरं."