बिनबाह्यांचा उन्हाळा

कपड्यांच्या धंद्यात ऋतू आगाऊ येतो. उन्हाळ्याचा माल थंडीत ठरतो, म्हणजे स्वेटर घालून उन्हाची कल्पना करायची. वर्ध्याच्या आमच्या कुर्तीच्या कारखान्यात कोणता माल काढायचा, काय भावाने विकायचा, हे मॅडम ठरवायच्या. मी डिझाइन, कापड आणि शिलाई यांच्यात धावत असायचो. कार्डावर त्याला कोऑर्डिनेटर म्हणतात.

त्या खेपेला उन्हाळी नमुने निवडायचं काम मी हट्टाने मागून घेतलं. पुण्यामुंबईचे फोटो पाहिले आणि सगळ्या कुर्त्यांच्या बाह्या उडवल्या. गरम होतं, तर बाही कशाला? मालकांनी आधीच बजावलं होतं की यंदा दुकानदारांनी बुकिंग दिलं नाही, तर कुर्त्या बंद, पुन्हा शाळांचे गणवेश शिवायचे. कुर्त्यांचं हे काम मॅडमनी शून्यातून उभं केलं होतं.

बुकिंगच्या दिवशी पहिले आले कारंजा घाडग्याचे दुकानदार, बायकोला घेऊन. वहिनींनी कुर्ती उलटीसुलटी केली.

"भाऊ, तुम्ही इकडलेच ना? उन्हायात बाया हातमोजे घालून, तोंडाले दुपट्टा बांधून गाडी चालवतात. हे कोन घालन?"

मी जन्माचा वर्धेकर. माझी बायको मे महिन्यात अशी गुंडाळून घरी येते की एकदा मी तिलाच दारात विचारलं होतं, कोण पाहिजे म्हणून.

मॅडमच्या जागी मी असतो, तर चूक करणाऱ्याकडे बोट दाखवून केव्हाच मोकळा झालो असतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "चुकलं आमचं," म्हणाल्या, आणि वहिनींना खुर्ची देऊन बाही कशी हवी ते विचारू लागल्या. वहिनी खुलल्या. बाही पंजापर्यंत पाहिजे, अंगठ्याला भोक पाहिजे, म्हणजे हँडल धरलं तरी वर सरकत नाही. दुकानदारांनी शंका काढली की कापड वाढलं की भाव वाढणार. मॅडमनी कुर्ती टेबलावर पसरली आणि घेरावर खडूने रेघ ओढली. घेर कमी करायचा, त्याच कापडात बाही बसवायची, भाव तोच. शिवणाऱ्या ताईंनी तिथल्या तिथे जोड देऊन नमुना तयार केला.

आता तो घालून दाखवायचा कोणी? नमुने घालणाऱ्या मुलीला निरोप द्यायचं माझ्याकडेच होतं. तेही राहिलं होतं. मॅडमनी त्या सकाळी प्रथमच माझ्याकडे पाहिलं.

शर्टावरून कुर्ती चढवून मी हवेतलं हँडल धरलं. वहिनींनी बाही जोरात ओढली. सरकली नाही. "घेऊन टाका," त्या नवऱ्याला म्हणाल्या. न शिवलेल्या मालाचं बुकिंग त्यांनी मॅडमच्या शब्दावर दिलं.

ते गेल्यावर मी कुर्ती काढायला घेतली.

"काढू नको," मॅडम हळूच म्हणाल्या. "एकच नमुना हाय. आर्वीचे शेठ जिना चढून राह्यले."

मी अंगठे पुन्हा भोकांत घातले.