सेकिगाहारा, शनिवारी सकाळी

अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मी ऑफिसबाहेर तीन माणसांशी बोलले असेन: माझी रूममेट, अपार्टमेंटच्या ऑफिसातली बाई आणि पिझ्झा आणून देणारा. पिझ्झावाल्याशी तर 'थँक यू'च्या पुढे गाडी गेलीच नव्हती. रूममेट नागपूरची. तिला हे बघवेना.

"इंग्लिश मीडियमची ना तू? मराठीत तोंड उघडत नाहीस, निदान इंग्लिशमध्ये तरी उघड."

एका शनिवारी तिनं मला गाडीत घातलं, लायब्ररीत नेलं आणि परदेशातून आलेल्या लोकांना इंग्रजी बोलायचा सराव देण्याच्या वर्गात माझं नाव व्हॉलंटियर म्हणून लिहून टाकलं. मी शेजारी उभी होते. तुला चालेल ना, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, चालेल. मी नेहमी तेच म्हणायचे. जेवायला काय करू, चालेल. कुठला सिनेमा लावू, कुठलाही चालेल. ती वैतागून म्हणायची, "यार, तुझ्याशी भांडताही येत नाही!"

आमच्या भागात जपानी कुटुंबं बरीच होती. जवळच गाड्यांचे कारखाने होते. नवरे तीन-चार वर्षांसाठी यायचे आणि बायका मुलांच्या शाळा, ड्रायव्हिंग आणि इंग्रजी यांच्याशी झुंजत बसायच्या. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि त्या टेबलाशी दोघीजणी. दोघी चाळिशीच्या. एक ओकाझाकी गावच्या, दुसऱ्या पार दक्षिणेकडच्या कागोशिमाच्या. तोंडावर मी त्यांना आडनावाला 'सान' जोडून हाक मारायचे, पण मनात त्या माझ्या काकूच होत्या, आणि इथंही काकूच म्हणते. त्या मला 'सेन्सेई' म्हणायच्या, म्हणजे गुरुजी. मी चोवीस वर्षांची होते आणि मला कुणी एवढा मान कधी दिला नव्हता.

ओकाझाकीच्या काकू बारीक आवाजाच्या, टापटिपीच्या. प्रत्येक वाक्य आधी वहीत लिहायच्या, मनात म्हणून बघायच्या आणि मगच बोलायच्या. तोवर कागोशिमाच्या काकू त्याच विषयावर चार चुकीची वाक्यं ठोकून, हसून, कॉफी आणून परत बसलेल्या असायच्या. (त्यांचं बोलणं तोडक्यामोडक्या इंग्रजीत चालायचं. मी ते इथं मराठीत आणते आहे. त्यातली गंमत थोडी सांडणारच.)

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी विषय होता 'माझं गाव'. ओकाझाकीच्या काकूंनी वहीत बघून सांगितलं, "जपानमधल्या लढाया ज्यानं संपवल्या, तो माणूस माझ्या गावात जन्मला."

कागोशिमाच्या काकूंनी कप खाली ठेवला. "संपवल्या नाहीत. चोरल्या."

"जिंकल्या."

"एका पोराला फितवून!"

मग जे झालं त्याला वर्ग म्हणता येणार नाही. दोघींनी कॉफीच्या टेबलावरची साखरेची पुडकी उचलून आणली. पांढरी पुडकी पूर्वेची, गुलाबी पुडकी पश्चिमेची. टिशू पेपर चुरगाळून डोंगर केले. मला सेकिगाहारा हा शब्दही माहीत नव्हता, आणि वीस मिनिटांत मी त्या मैदानात नाकापर्यंत बुडाले.

गोष्ट अशी. सोळाशे साल. जपानचा राज्यकर्ता मेलेला, त्याचा मुलगा लहान, आणि सगळी सरदार घराणी दोन तटांत फुटलेली. पूर्वेकडची घराणी एका धूर्त, म्हाताऱ्या सरदाराच्या मागे, हाच ओकाझाकीचा. पश्चिमेकडची त्याच्या विरुद्ध. त्यांत कागोशिमाचं घराणं. रात्रभर पाऊस, सकाळी धुकं, आणि डोंगरांच्या मधल्या त्या चिंचोळ्या मैदानात दोन्ही फौजा समोरासमोर. बाजूच्या टेकडीवर मात्र एकोणीस वर्षांचा एक सरदार हजारो माणसं घेऊन बसलेला. तो होता पश्चिमेचा, पण पूर्वेलाही त्यानं गुपचूप शब्द दिला होता. दोन्हीकडून त्याला मोठमोठी आश्वासनं. लढाई पेटली, तरी हा हलेना. दोन्ही सेनापती माना वर करकरून टेकडीकडे बघताहेत आणि हा आपला बसून आहे. शेवटी पूर्वेच्या म्हाताऱ्यानं वैतागून त्याच्याच टेकडीवर बंदुका झाडायला लावल्या म्हणतात. पोरगा दचकून उठला, खाली आला आणि पश्चिमेवरच तुटून पडला. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. पुढची अडीचशे वर्षं म्हाताऱ्याच्या घराण्याचं राज्य.

"आमच्याकडे याला फितूर म्हणतात," मी म्हटलं. आमच्या घरी बाबा हा शब्द फार वापरायचे, राजकारण्यांबद्दल आणि भिशी सोडून गेलेल्या शेजाऱ्यांबद्दलही.

"फितूरु!" कागोशिमाच्या काकू खूश. शेजारच्या टेबलावरचा कोरियन माणूस वळून बघेपर्यंत त्यांनी तो शब्द पाच वेळा म्हटला.

मला त्या टेकडीवरच्या पोराबद्दल मात्र वाईट वाटलं. बिचाऱ्याला बहुतेक कुणाला नाही म्हणता येत नसणार.

डिसेंबर लागला आणि वर्गाच्या प्रमुख बाईंनी मला बाजूला घेतलं. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि सणावाराचे स्वेटर घालायच्या. त्या दिवशीच्या स्वेटरवरच्या हरणाचं नाक लाल लोकरीच्या गोंड्याचं होतं. त्यांनी सांगितलं की व्हॉलंटियर वाढलेत, त्यामुळे जानेवारीपासून एकास एक. माझ्याकडे एकच काकू राहील, दुसरी नवीन व्हॉलंटियरकडे जाईल. हे नवीन व्हॉलंटियर म्हणजे एक निवृत्त प्लंबर आजोबा. एका कानानं कमी ऐकू यायचं आणि दोन्ही कान बरे असते तरी मासेमारीशिवाय काही बोलले नसते.

"तुला कोण हवंय?" बाईंनी विचारलं.

"कोणीही चालेल."

"कोणीही नावाची बाई माझ्या यादीत नाही, स्वीटहार्ट. पार्टीच्या दिवशी सांग."

पार्टी म्हणजे वर्षअखेरचं एकत्र जेवण. प्रत्येकानं काहीतरी करून आणायचं आणि प्रत्येक टेबलानं आपल्या देशाबद्दल दहा मिनिटं इंग्रजीत काहीतरी सादर करायचं. दोघी काकूंना बाईंनी एकास एकचं सांगूनच टाकलं होतं. पुढच्या शनिवारी मी पोचले तर दोघी माझी वाट बघत, मांडीवर हात ठेवून, संशयास्पद शहाण्यासारख्या बसलेल्या.

"आम्ही सेकिगाहारा करणार," ओकाझाकीच्या काकूंनी वहीतून वाचलं. "मी पूर्व. ही पश्चिम. सेन्सेई टेकडीवर."

"मी?"

"आणि नाटक नाही," कागोशिमाच्या काकूंनी माझा हातच धरला. "खरं खरं ठरवायचं. ज्या बाजूला सेन्सेई जाणार, जानेवारीत सेन्सेई तिची!"

मी म्हटलं, अहो पण इतिहासात तर तो पूर्वेकडेच जातो. त्यावर कागोशिमाच्या काकू म्हणाल्या, "चारशे वर्षं झाली. आता तरी सुधारा."

पुढचे दोन आठवडे मला लाच मिळत होती. दुसरा शब्द नाही. ओकाझाकीच्या काकूंनी थर्मासमधून त्यांच्या गावच्या काळपट लाल मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप आणलं. ते आपल्या आमटीसारखं दिसतं आणि आमटीसारखं अजिबात लागत नाही. सोमवारी कागोशिमाच्या काकू माझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये हजर. भाजलेली रताळी, फॉइलमध्ये, गरम. मला रताळं म्हटलं की उपास आठवतो, पण त्या उभ्या राहून बघत होत्या, म्हणून मी थंडीत कुडकुडत, गाडीला टेकून दोन खाल्ली. ती इतकी गोड निघाली की तिसरं मी मागून घेतलं. मग पूर्वेकडून तांदळाचे वडीसारखे गोड गोळे आले. पश्चिमेकडून मासळीचे तळलेले वडे. रूममेट फ्रीज उघडून म्हणाली, "तू कोणाकडे जाशील ते जा, पण हे भांडण मार्चपर्यंत लांबव ना!"

मला झोप लागत नव्हती हे तिला सांगितलं नाही. खरं म्हणजे मला कागोशिमाच्या काकू हव्या होत्या. त्यांच्याबरोबर असलं की आपण आपोआप गमतीदार माणूस होतो. पण ओकाझाकीच्या काकूंचं काय? त्या आजोबांपुढे वाक्य जुळवत बसल्या असत्या आणि आजोबा तोवर तिसऱ्या तळ्यावर पोचले असते. कुणालाही निवडलं तरी दुसरीचा चेहरा उतरणार. तो उतरलेला चेहरा मी आयुष्यभर टाळत आले होते. आई आणि मावशी या दोघींच्या साड्यांपैकी कुठली चांगली, हे सांगायला नको म्हणून मी दहावीत ताप आल्याचं सोंग केलं होतं.

पार्टीला साठेक माणसं होती. लायब्ररीच्या हॉलमध्ये मधली टेबलं सरकवून मैदान केलं होतं. ओकाझाकीच्या काकूंनी खोक्याच्या पुठ्ठ्याचं शिरस्त्राण केलं होतं, सोनेरी कागद मोजूनमापून चिकटवलेलं. कागोशिमाच्या काकूंनी डोक्यावर सरळ स्टीलची चाळणी घातली होती. वर्गातल्या सगळ्या जपानी बायकांच्या नवऱ्यांना आणि मुलांना सैन्यात भरती केलं होतं. माझी टेकडी म्हणजे पुस्तकांच्या कपाटाजवळची तीन पायऱ्यांची शिडी. मी वर बसले. मला वाक्य एकच होतं: "मी या बाजूला." बाजू दाखवायची आणि म्हणायचं.

दोघींनी गोष्ट सांगितली, आळीपाळीनं. धुकं आलं, एका नवऱ्यानं पांढरी चादर हलवली. लढाई सुरू झाली, गुंडाळलेल्या वर्तमानपत्रांनी. लोकांना फारच आवडलं. प्लंबर आजोबा पश्चिमेच्या बाजूनं ओरडायला लागले. त्यांना चाळणी आवडली असावी. आणि मग दोन्ही फौजा थांबल्या आणि सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला.

मी बसून राहिले.

मला खरंच हलता येईना. कुणीतरी हसलं, त्यांना वाटलं हाही नाटकाचाच भाग. कागोशिमाच्या काकूंनी खालून दोन्ही हात पसरले, "सेन्सेई! रताळी आठवा!" लोक हसले. प्रमुख बाई स्वेटरच्या गोंड्याशी चाळा करत माझ्याकडे बघत होत्या. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. एक मिनिट गेलं असेल, मला एक शतक वाटलं.

तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर शेंगदाणा आपटला. मग दुसरा. मग मूठभर. ओकाझाकीच्या काकू खाऊच्या टेबलावरचा वाडगा काखेत धरून माझ्यावर शेंगदाणे झाडत होत्या, आणि वही कुठेतरी पडली होती.

"खाली ये!" त्या ओरडल्या. त्या! "मी किती आठवडे वाट बघतेय! तुला कुणाला दुखवायचं नाही, म्हणून तू सगळ्यांना लटकवून ठेवतेस! मला तू हवी आहेस! ये खाली!"

इंग्रजीत. न लिहिता, न अडखळता. एकही चूक नाही.

मला आधी कानापर्यंत लाज वाटली आणि मग एकदम इतकं हसू आलं की शिडी हलायला लागली. मी उडी मारली, तिन्ही पायऱ्यांवरून एकदम, आणि पूर्वेकडे बोट दाखवून ओरडले, "मी या बाजूला!" माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. कुणीतरी माझ्या हातात वर्तमानपत्राची सुरळी दिली. मी पश्चिमेच्या फौजेतल्या इंजिनियर नवऱ्यांना अक्षरशः झोडपलं.

पश्चिम संपली. उरल्या एकट्या कागोशिमाच्या काकू. त्यांनी आमच्याकडे बघितलं, चाळणी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मागच्या दाराकडे न जाता सरळ आमच्या अंगावर धावून आल्या. आम्ही बाजूला झालो. त्या आमच्या मधून, प्रेक्षकांच्या मधून, केकच्या टेबलाला वळसा घालून पुढच्या दारानं बाहेर!

"त्यांच्या गावचे लोक तेव्हाही असेच पळाले," ओकाझाकीच्या काकू धापा टाकत म्हणाल्या. "शत्रूला पाठ दाखवायची नाही म्हणून शत्रूच्या मधूनच."

टाळ्या थांबेनात. मी प्रमुख बाईंना जाऊन नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी ऐकलं. अख्ख्या ओहायोनं ऐकलं."

बाहेर व्हरांड्यात कागोशिमाच्या काकू कोटाची बटणं लावत होत्या. चाळणी अजून डोक्यावर. मी काहीतरी गुळमुळीत बोलायला लागले, तसा त्यांनी हात वर केला.

"मी रागावले आहे. खरंच."

"हो."

"नाताळपर्यंत रागावणार."

आणि त्या रागावल्या. मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. नवल म्हणजे मी व्यवस्थित जेवले, झोपले, एका संध्याकाळी रूममेटशी सिनेमावरून भांडलेही. ती इतकी खूश झाली की तिनं हार मानायलाच नकार दिला, अजून भांडूया म्हणाली.

जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी बर्फ पडत होता. ओकाझाकीच्या काकू आणि मी खिडकीजवळ. त्यांनी नवी वही उघडली, तारीख घातली आणि एक नियम विचारला, मग त्याच नियमाचे तीन अपवाद विचारले. हॉलच्या पलीकडच्या टोकाला प्लंबर आजोबा दोन्ही हात पसरून माशाची लांबी दाखवत होते आणि कागोशिमाच्या काकू टेबलावर हात आपटून हसत होत्या. मध्येच त्यांनी माझ्याकडे बघितलं, एक बोट गळ्यावरून सावकाश फिरवलं, माझ्याकडे रोखलं आणि पुन्हा आजोबांकडे वळल्या. त्यांच्या टेबलावर आमच्यापेक्षा कितीतरी जास्त धमाल चालली होती. मला हेवा वाटला, आणि हसूही आलं.

"सेन्सेई," ओकाझाकीच्या काकू पेन्सिल माझ्या कोपराला टोचत म्हणाल्या, "इकडे बघा. चौथा अपवाद."